कानाला खडा

सातव्या वर्षी एकदाच बसले रोपवेच्या त्या पत्र्याच्या डब्यात.
चियातुराच्या दरीवर, अधांतरी,
वीज गेली.
तळाच्या पत्र्याला नाण्याएवढं भोक होतं,
त्यातून क्वीरिला दिसली, मँगनीज धुऊन काळी झालेली,
आणि नदी म्हणाली, ये.
बाकी सगळे गप्पा मारत होते.
एका बाईच्या मांडीवर कोंबडी होती, तीही झोपलेली.
मी उतरले तेव्हा माझ्या मुठीत
आईच्या कोटाचं तुटलेलं बटण होतं.
त्याच दिवशी कानाला खडा लावला:
पुन्हा म्हणून वर जायचं नाही.

आणि नोकरी लागली ती तिथंच,
खालच्या ठाण्यावर, दांडा ओढायची.
दोनदा घंटा, मग दांडा, मग दोर ताणला जायचा
आणि त्याबरोबर माझ्या पोटातलं काहीतरी.
एकतीस वर्षं माणसं वर पाठवली.
"नाझिब्रोला, तू कधी येणार?"
"मी आले तर तुम्हाला ओढणार कोण?"
हसायचे. मीही.

बोंदो वरच्या खाणीत. रोज सकाळी मीच त्याला
हवेत लटकवायचे,
संध्याकाळी मीच उतरवून घ्यायचे.
लग्नाआधी त्याला काही सांगितलं नव्हतं.
दिवा बदलायला स्टुलावर चढायचं होतं
आणि मी शेजारणीला हाक मारली, तेव्हा त्याला कळलं.
बोलला काहीच नाही.
मरेपर्यंत दिवे त्यानंच बदलले.
स्वयंपाकघरातला एक गेलाय, तसाच आहे.

लोकांना वाटतं, पडायची भीती.
पडायची नाही हो.
कठड्याशी उभी राहिले की हात माझे राहत नाहीत,
त्यांना सुटायचं असतं.
मी भिते ती त्यांना.

फेब्रुवारीत एका पहाटे कूस बदलली
आणि पलंग सुटला.
जमिनीपासून दीड हात उंच पलंग,
त्यावरून मी पडत राहिले, पडत राहिले,
कपाट गेलं, खिडकी गेली, पुन्हा कपाट,
भिंतीवरची बोंदोची टोपी
चार वेळा माझ्या समोरून गेली.
जन्मभर खोलीला भ्याले
आणि आता खोलीच फिरत होती माझ्याभोवती.
चादर मुठीत धरून ओकले.
देवाला म्हटलं, अरे, मी वर गेलेच कुठं होते?

डॉक्टर लामारा, कोवळी पोर, नखं कुरतडलेली.
म्हणाली, आजी, कानात खडे असतात,
चुन्याचे, मिठाहून बारीक,
तोल त्यांच्यावर असतो सगळा.
तुमचा एखादा जागचा निसटलाय.
खडा!
मला हसू फुटलं.
साठ वर्षांपूर्वी बाहेरून लावलेला,
आत कधी गेला?
तिला काय सांगणार. हसता हसता पुन्हा घेरी आली,
तिची बाही पकडली, ती उसवली.
तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं,
धाडकन मागं आडवं केलं,
इकडं वळवलं, तिकडं वळवलं,
गोट्यांच्या खेळातली गोटी गल्लीत घालावी तसं.
बरं वाटलं. आठ दिवस.
मग पुन्हा.

लाशा म्हणतो, आजी, आता नवे डबे आलेत, काचेचे,
हलतसुद्धा नाहीत.
काचेचे म्हणे! मला एक भोक पुरलं होतं.

बोंदो वर आहे, दफनभूमीत.
मी पायऱ्यांनी जाते. अर्ध्यावर बसते,
नजर एकाच दगडावर ठेवून,
त्यावर शेवाळ आहे, दरवेळी तेवढंच.
डोक्यावरून डबा जातो,
त्याची सावली गार, अंगावरून सरकते.
आतून कुणीतरी हात करत असेल.
मान वर केली तर खडा हलेल,
म्हणून बघत नाही.
नुसता एक हात वर करते.
दुसरा कठड्यावर असतो. त्याच्याकडे
मधूनमधून बघते, आहे ना म्हणून.